लेस्लीनं जागा बदलली

१

विनिफ्रेड ओल्डरॉइडनं विमान हातात घेतलं, नेहमीसारखी त्याच्यावरून बोटं फिरवली आणि मध्येच थांबली. मग बराकीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लेस्लीनं जागा बदलली."

क्लेमेंट रेस्ट्रिक तेव्हा चहा ओतत होता. स्कार्थॉर्पचा लष्करी विमानतळ बंद पडून जमाना झाला. आता तिथे एक अर्धगोल पत्र्याची बराक आणि मेंढ्यांना चरायला सोडलेली धावपट्टी एवढंच उरलं होतं. गावातल्या हौशी मंडळींनी बराकीचं संग्रहालय केलं होतं. संग्रहालय म्हणायचं, एवढंच. थोडे गॉगल, एक गंजका प्रोपेलर, भिंतभर फोटो आणि खिडकीशी काचेच्या पेटीत विनीचं विमान. रविवारी कुलूप उघडायचं, चहा करायचा आणि विनीच्या हातात विमान द्यायचं, ही रेस्ट्रिकची कामं.

विमान म्हणजे टायगर मॉथचं तळहाताएवढं मॉडेल. ओतीव धातूचं, पिवळं, एकावर एक दोन पंखांचं. संग्राहकांसाठी मोजक्याच प्रती काढतात, त्यातलं. युद्धाच्या काळात इथली पोरं विमान चालवायला शिकली ती टायगर मॉथवरच. विनीचा थोरला भाऊ लेस्लीही इथेच शिकला. ज्या दिवशी पहिल्यांदा एकट्यानं उडाला, त्या दिवशी वडिलांच्या शेतावरून हात हलवत गेला, आणि महिना उलटायच्या आत पलीकडच्या बीटच्या रानात विमानासकट कोसळला. विनी तेव्हा शाळेत होती. म्हातारपणी तिच्या नवऱ्यानं, अल्बर्टनं, हे मॉडेल आणलं. त्यानं आगकाडी कोरून एक वैमानिक केला, ज्वारीच्या दाण्याएवढं डोकं आणि गळ्यात लाल मफलर, आणि तो आत बसवला. अल्बर्ट गेल्यावर विनीनं मॉडेल संग्रहालयाला देऊन टाकलं. अट एकच, दर रविवारी ते हातात मिळालं पाहिजे. मोतीबिंदूनं तिची नजर जवळजवळ गेली होती. जे बघायचं ते ती बोटांनी बघायची.

"जागा कशी बदलेल, काकू?" तिचा पुतण्या ग्रॅहम म्हणाला. त्याच्या आवाजात जी सहनशीलता होती ती ऐकून रेस्ट्रिकला राग आला.

"पुढे बसलाय. तो मागे बसायचा."

यावर संग्रहालयाचे अध्यक्ष उठले. स्क्वाड्रन लीडर रोलंड ॲपलगार्थ, हवाई दलातून निवृत्त. पांढऱ्या मिशा, निळा ब्लेझर, उजवा हात कायम खिशात. ते विनीजवळ गेले आणि अगदी मायेनं म्हणाले, "विनी, अगं, शिकणारा पुढेच बसतो. मागे शिक्षक. मी स्वतः मॉथवरच शिकलोय ना? लेस्ली पहिल्यापासून पुढेच होता."

विनीचा चेहरा पडला. तिनं विमान रेस्ट्रिकच्या हातात दिलं आणि काठी शोधायला लागली.

ग्रॅहमनं रेस्ट्रिकला दारापाशी गाठलं. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी डॉक्टर तपासायला येणार आहेत, म्हणाला. परवा काकूंनी गॅस चालू ठेवला होता, त्याआधी दार उघडं टाकून झोपल्या होत्या, आणि आता बाहुल्या उठून दुसरीकडे बसायला लागल्या. डॉक्टरांनी मान डोलावली की शहरातल्या वृद्धाश्रमात खोली तयार आहे.

रेस्ट्रिक विमान पेटीत ठेवायला गेला. ठेवता ठेवता त्याच्या नाकात एक वास शिरला. गोडसर, उग्र, नेलपॉलिशचा असतो तसा. लेस्लीच्या बुडाखालून येत होता.

२

रेस्ट्रिकनं विमा कंपनीत हयात घालवली होती, जळालेली गोदामं हुंगण्यात. रॉकेल कुठे ओतलं आणि ठिणगी आपोआप कुठे पडली, हे त्याला नाकानं कळायचं. या धंद्यानं त्याला दोन गोष्टी दिल्या, एक तिखट नाक आणि एक वाईट स्वभाव. समोरचा माणूस रडत असला तरी हा आधी त्याच्या बुटांकडे बघायचा. बायको म्हणायची की हा माझ्या वाढदिवसाच्या केकचाही पंचनामा करतो. ती गेल्यावर केकही गेला आणि पंचनामेही.

सगळे पांगल्यावर त्यानं पेटी पुन्हा उघडली. विमान उलटं धरून त्याचं पोट खिडकीच्या उजेडात आणलं.

विनी विमान धरायची ती कायम एकाच पद्धतीनं, अंगठा पोटाखाली. इतक्या रविवारांनी तिथला पिवळा रंग झिजून खालचा करडा धातू उघडा पडला होता. त्यावरून केवढी कुरकुर व्हायची. आता तिथे रंग कोराकरकरीत होता.

विमान वेगळं होतं. लेस्ली मात्र तोच. मफलरवर मागच्या बाजूला अल्बर्टचा ब्रश निसटल्याची खूण तशीच होती. म्हणजे कोणीतरी अख्खं विमान बदललं, जुन्यातून लेस्ली काढला आणि नव्यात चिकटवला. वर नेलपॉलिशचा वास.

पण विनी म्हणते तो भाग? जुन्यात लेस्ली कुठे बसला होता, पुढे की मागे? रेस्ट्रिकनं डोळे मिटून आठवून बघितलं आणि त्याला स्वतःचीच चीड आली. दर रविवारी त्यानं ते विमान हातात घेतलं होतं आणि एकदाही नीट बघितलं नव्हतं. वरचा पंख सगळं झाकायचा, हे एक निमित्त. खरं म्हणजे बघायची गरजच वाटली नव्हती.

मॉडेलचा एखादा फोटो मिळेल म्हणून त्यानं भिंती धुंडाळल्या. एकही नव्हता. चहाच्या बंबावर खऱ्या मॉथचा जुना फोटो होता, आकाशातला. दोन सीटा, पण डोकं एकच दिसत होतं, तेही मागच्या सीटवर. पुढचा गडी नकाशा उचलायला वाकला असेल, असं रेस्ट्रिकला पहिल्यापासून वाटायचं. आजही तेच वाटलं.

पेटीची किल्ली बंबामागच्या खिळ्याला असायची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पुढच्या रविवारी जुन्या विमानांचा मेळा भरायचा होता, एक खरा टायगर मॉथ इथे उतरणार होता, त्या तयारीसाठी आठवडाभर सगळ्यांची ये-जा चालू होती. कोणीही हात घातला असता.

बराकीला कुलूप लावताना त्याच्या मनात एक विचार आला आणि तो त्याला मुळीच आवडला नाही. एखाद्या म्हातारीला वेडी ठरवायचं असेल तर याहून सोपी युक्ती कोणती?

३

ग्रॅहमच्या घरी त्याचं स्वागत बिस्किटांनी झालं. बायको, लॉरेन, समोर बसली होती. नखं लालभडक, लांब, जिथे तिथे टकटक वाजणारी. रेस्ट्रिकचं लक्ष बिस्किटात नव्हतंच.

त्यानं सरळ सांगितलं, विमान बदललंय, काकू खोटं बोलत नाहीत. त्याला वाटलं होतं की ग्रॅहम चपापेल. ग्रॅहमनं फक्त सुस्कारा टाकला.

"मग तिनंच पाडलं असेल, मिस्टर रेस्ट्रिक. फुटलं म्हणून कोणाकडून तरी दुसरं मागवलं आणि मागवलं हेच विसरली. हे तर जास्तच वाईट झालं. डॉक्टरांना सांगावं लागेल."

रेस्ट्रिकला हे सुचलंच नव्हतं. आणखी वाईट म्हणजे, ते अशक्य नव्हतं.

"तुम्हाला वाटतं आम्हाला ती डोईजड झालीय," लॉरेन एकदम म्हणाली. "बघताय कसे! गॅसच्या वासानं भरलेल्या स्वयंपाकघरातून तिला मी ओढून बाहेर काढलंय, तुम्ही नाही."

"तुमच्या नखांचा रंग कुठला?" रेस्ट्रिकनं विचारलं.

दोघं त्याच्याकडे बघतच राहिले. मग लॉरेनला हसू आवरेना. तिनं एक नख टोकाला धरून हलवून दाखवलं. "खोटी आहेत हो. दुकानातून रंगवलेलीच येतात, सलूनवाली चिकटवून देते. घरात बाटली ठेवलीच नाही कधी, त्या वासानं माझं डोकं उठतं."

रेस्ट्रिक माफी मागून उठला. ती चिडली होती, पण घाबरलेली नव्हती, आणि धंद्यातला अनुभव असा की चोर माणूस खोट्या नखांवर इतकं मोकळं हसत नाही. तरी त्यानं ग्रॅहमला मनातून पुरतं सोडलं नाही. फाटकापाशी ग्रॅहम मागून आला आणि हळूच म्हणाला, "तुम्हाला विमानातलं कळत असेल तर सांगा. लेस्लीची जागा खरंच मागे होती?"

"मला काहीच कळत नाही. ॲपलगार्थ म्हणतात पुढे."

"त्यांना तर माहीत असणारच," ग्रॅहम म्हणाला आणि खांदे पाडून आत गेला.

४

नायजेल ट्वेल्व्हट्रीजच्या घरात बसायला जागा नव्हती. खुर्च्यांवरही खोके होते. हा माणूस निवृत्त पोस्टमास्तर, एकटा, आणि ओतीव विमानांचा असा वेडा की मॉडेलला हात लावताना पांढरे सुती हातमोजे घालायचा. विनीच्या अंगठ्यानं रंग झिजला म्हणून कुरकुर करायचा तो हाच. रविवारी ती विमान हातात घ्यायची तेव्हा हा बाहेर जाऊन उभा राहायचा, त्याला बघवत नसे.

"तुझ्याकडे तो मॉथ आहे का?" रेस्ट्रिकनं विचारलं.

"आहे म्हणजे? दोन आहेत." ट्वेल्व्हट्रीजनं अभिमानानं सांगितलं. त्याची रीत ठरलेली, प्रत्येक विमान जोडीनं घ्यायचं. एक बघायला, एक न उघडता ठेवायला. खोक्याचं सील फोडलं की विमान मेलं, असं तो अगदी गंभीरपणे मानायचा.

दोन्ही मॉथ जागच्या जागी होते. एक कपाटात, एक सीलबंद. उघड्या मॉथमध्ये वैमानिक नव्हता. कारखान्यातून सीटा रिकाम्याच येतात, म्हणाला. वैमानिक पुढे बसतो की मागे, असं विचारल्यावर तो गोंधळला. रंगाची छटा, खोक्यावरचा क्रमांक, काय वाटेल ते विचार, पण माणूस? माणसांचा त्याच्या छंदाशी संबंध नव्हता.

"विनीचं विमान बदललंय," रेस्ट्रिक म्हणाला. "पोटाखालचा रंग नवा आहे."

ट्वेल्व्हट्रीजचा चेहरा आधी उजळला. नवा रंग! मग त्याला अर्थ कळला आणि तो हातमोजे काढायला लागला. "तू माझ्यावर संशय घेतोयस. घे. सगळे घेतील. गावात हे विमान दुसऱ्या कोणाकडे आहे?"

"तेच विचारतोय."

"कोणाकडेच नाही." मग त्याचे हात थांबले. "म्हणजे, तिसरं एक होतं. मी चुकून जास्तीचं मागवलं होतं. ते आपण सगळ्यांनी मिळून भेट नाही का दिलं? केक होता, तू कार्डावर सही केलीस."

रेस्ट्रिकला केक आठवला. सही आठवली. कार्डावर टायगर मॉथचं चित्र होतं, कारण ज्याचा सत्तरावा वाढदिवस होता तो माणूस मॉथवर शिकला होता.

परतताना तो मुद्दाम विनीच्या घरावरून गेला. ती ओट्यावर हात टेकून उभी होती, गॅस बंद आहे की नाही हे बटणं चाचपून बघत. पुन्हा पुन्हा. रेस्ट्रिकला बघून नाही, पावलांवरून ओळखून म्हणाली, "ये राजा. तुलाही वाटतं का रे, मी भ्रमिष्ट झाले?"

त्यानं विचारलं, "लेस्ली मागे बसायचा, हे तुम्हाला अल्बर्टनं सांगितलं?"

"मी अल्बर्टला सांगितलं. मी बघितलं होतं ना! शेपटीकडच्या बाजूनं हात हलला. पुढची जागा रिकामी होती. आई म्हणाली, पुढचा माणूस पडला की काय." ती हसली आणि पुन्हा बटणं चाचपायला लागली. "त्या आश्रमाच्या खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो म्हणे. इथून निदान ऐकू येतं, कधी एखादं विमान गेलं तर. मला तिथे नाही जायचं, क्लेमेंट."

तिचा आवाज इतका साधा होता की रेस्ट्रिकला स्वतःच्या संशयी स्वभावाची लाज वाटली. पण साठ वर्षांपूर्वीचं, शाळकरी पोरीनं जमिनीवरून बघितलेलं! अध्यक्षांच्या शब्दापुढे ते कोण धरणार होतं?

५

ॲपलगार्थ प्रसन्न होते. मेळ्याचा मॉथ येणार, आणि तो उतरल्यावर पहिली फेरी अध्यक्षांची, असं ठरलं होतं. नुसती फेरी नाही, वर गेल्यावर थोडा वेळ विमान चालवायचा दांडाही हातात मिळणार होता.

"पन्नास वर्षांनी, रेस्ट्रिक! पुन्हा मॉथ!"

त्यांनी डाव्या हातानं चहा दिला, कप अर्धाच भरलेला. उजवा हात ब्लेझर नसल्यामुळे पँटच्या खिशात होता. रेस्ट्रिकनं दिवाणखान्यात नजर फिरवली. शेकोटीवरच्या फळीवर मधोमध एक घड्याळ होतं, आणि ते तिथलं नव्हतं. दोन्ही बाजूंना विमानांचे फोटो आणि मध्ये स्वयंपाकघरातलं घड्याळ कोण ठेवतो?

वाढदिवसाच्या भेटीबद्दल विचारल्यावर ते पटकन म्हणाले की ती नातवाला पाठवली, पर्थला. पोराला विमानांचं वेड आहे.

खिडकीपाशी मासेमारीच्या गळांचं टेबल होतं. ट्राउट मासा पकडायला पिसं आणि दोरे गुंडाळून खोट्या माश्या करायच्या, हा त्यांचा जुना नाद. टेबलावर धूळ होती. अर्धवट गुंडाळलेली एक माशी चिमट्यात तशीच अडकलेली, तिच्यावरही धूळ. या टेबलावर कोणी बसून महिने झाले असावेत. एकच वस्तू स्वच्छ होती, एक छोटी बाटली. दोऱ्याची गाठ पक्की करायला लावतात ते वार्निश. रेस्ट्रिक बाहेरचं आकाश बघायच्या मिषानं तिच्यावर वाकला. गोडसर, उग्र.

लेस्लीच्या बुडाखालचाच वास. पण वासानं काय सिद्ध होतं? आणि कशासाठी? विनीची इतकी काळजी घेणारा हा एकटा माणूस.

"तुमचं पहिलं एकट्याचं उड्डाण," त्यानं विचारलं, "सांगा ना. मी नीट ऐकलंच नाही कधी."

ॲपलगार्थना एवढंच हवं होतं. नजर दूर गेली. सकाळची वेळ, गवतावर दव, शिक्षक एक खडूस स्कॉट. "तीन वेळा उतरवून घेतलं माझ्याकडून. मग काही न बोलता माझ्या मागच्या सीटवरून बाहेर पडला, पंखावरून पुढे आला, माझ्या हेल्मेटवर टकटक केली आणि म्हणाला, 'आता मरायचं तर एकटा मर, मला घरी जेवायला जायचंय.' आणि गेला चालत. मी एकटा. समोर नुसतं आकाश, रेस्ट्रिक. समोर कोणीच नाही."

हे खोटं नव्हतं. रेस्ट्रिकनं आयुष्यभर खोटं ऐकलं होतं, खोटं बोलताना माणसाचे डोळे असे ओलावत नाहीत. तो माणूस त्या सीटवर खरोखर बसला होता. पुढच्या सीटवर.

मग चुकत होती ती विनीच. रेस्ट्रिक जड पावलांनी घरी गेला. सोमवार जवळ आला होता, त्याच्याकडे पुरावा म्हणून एक घड्याळ आणि एक बाटली होती, आणि विनीची बाजू कोसळली होती.

६

रविवारी ऊन छान पडलं. मेंढ्या हाकलून धावपट्टी मोकळी केली होती. सगळं गाव जमलं होतं. ग्रॅहम आणि लॉरेननं विनीला खुर्चीत बसवून गुडघ्यांवर पांघरूण घातलं. ॲपलगार्थ नव्या स्कार्फमध्ये, उजवा हात खिशात. आधी आवाज आला, शिवणयंत्रासारखा टकटकणारा. विनीनं सगळ्यांच्या आधी मान वर केली.

पिवळा मॉथ झाडांवरून आला, उसळत उसळत गवतावर टेकला आणि बराकीसमोर थांबला. रेस्ट्रिक पुढे धावला आणि जागच्या जागी उभा राहिला.

पुढची सीट रिकामी होती. पट्टेसुद्धा आवळून बांधून ठेवले होते. मागच्या सीटवरून एक तरुण बाई उतरली, गॉगल कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "मी इमोजेन. चहा मिळेल का?"

"तुम्ही मागे का बसता?" रेस्ट्रिकनं विचारलं. आपण किती मूर्ख दिसतोय याची त्याला पर्वा नव्हती.

"एकटं असलं की मॉथमध्ये मागेच बसायचं. पुढे बसलात तर तोल बिघडतो. शिकवताना शिक्षक पुढे, शिकणारा मागे. एकट्यानं पाठवायची वेळ आली की शिक्षक पुढून उतरतो, शिकणारा आपला तिथेच, मागे."

"आणि ज्यात शिक्षक मागून उतरतो, ते?"

"ते मॉथच्या नंतर आलेलं, चिपमंक. त्यात सगळं उलट. पन्नास सालानंतरची बरीच पोरं त्याच्यावर शिकली." तिनं हातमोजे काढले. "तुमचे अध्यक्ष कुठेत? त्यांनाच आधी न्यायचंय ना?"

रेस्ट्रिकला बंबावरचा फोटो आठवला. नकाशा उचलायला कोणी वाकलंच नव्हतं.

तो ॲपलगार्थना बराकीच्या मागे घेऊन गेला. आवाज न चढवता, एकेक करून सगळं त्यांच्यापुढे मांडलं. "पोटाखालचा नवा रंग. म्हणजे विमान दुसरं. गावात एकच जास्तीचं विमान, ते तुमचं, आणि तुमच्या फळीवर आता स्वयंपाकघरातलं घड्याळ. धूळ खाणाऱ्या टेबलावर एकच पुसलेली बाटली, आणि तिचा वास लेस्लीच्या खाली. पण एवढ्यानं मला कळलं नसतं. ज्याला विमानातलं काही कळत नाही त्यानं लेस्लीला बसवायच्या आधी चार वेळा विचार केला असता, कुणाला तरी विचारलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत. तुमच्या हातांना माहीत होतं, एकटा माणूस पुढे बसतो. कारण तुम्ही खरोखर पुढे बसला होतात. फक्त ते विमान मॉथ नव्हतं."

ॲपलगार्थनी उजवा हात खिशातून बाहेर काढला. तो हात थरथरत होता, थांबायचं नाव घेत नव्हता.

"इथे राहायला आलो तेव्हा कोणीतरी म्हणालं, तुम्ही मॉथवाले ना? इतक्या कौतुकानं म्हणालं, रेस्ट्रिक. मी नाही म्हणालो नाही. बस्स, एवढंच खोटं." ते थांबले. "आणि आता खरंच मॉथ येणार होता. एकदा दांडा हातात घेतला असता तर ते खोटं राहिलं नसतं. त्या रविवारच्या आधीच्या बुधवारी इथे एकटाच होतो. ते मॉडेल काढलं आणि खुर्चीवर बसून हवेत फिरवत होतो, पोरासारखा. हातातून निसटलं. फरशीवर पंख तुटून पडले. सांगितलं असतं तर हाताचं सांगावं लागलं असतं. मग कोण देतंय दांडा!"

"आणि विनीला कळलं तेव्हा?"

"तेव्हा मला खरंच वाटलं की तीच चुकतेय. अल्बर्टनं वेंधळेपणानं मागे बसवला असेल, मी उलट नीट बसवला."

"पण मागे होता हे तुम्ही बघितलं होतंत. आणि तिला म्हणालात, पहिल्यापासून पुढेच होता."

रेस्ट्रिकला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त संतापही आला. मोडलेल्या विमानाचं काही नव्हतं. उद्या डॉक्टर येणार होते.

"तिला सांग, ती बरोबर होती," ॲपलगार्थ म्हणाले.

"तुम्ही सांगा. ग्रॅहमसमोर."

ते गवतातून चालत गेले, विनीच्या खुर्चीपुढे गुडघा टेकला आणि सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. ग्रॅहमचा चेहरा पांढरा पडला. लॉरेननं तोंडावर खोटी नखं धरली. विनी शेवटपर्यंत ऐकून घेत होती.

"विमान मोडलं?" तिनं विचारलं.

"मोडलं."

"लेस्लीला लागलं?"

"नाही. ओरखडाही नाही."

विनीनं गुडघ्यांवरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "चला. या खेपेला वाचला."

तिनं हात पुढे केला, ॲपलगार्थांचा थरथरणारा हात शोधून काढला आणि घट्ट धरला. धरण्यात माया नव्हती. "मोडलंस त्याचं मला काही वाटत नाही. मी रात्रंदिवस गॅसची बटणं चाचपत बसले, स्वतःवर विश्वास राहिला नव्हता माझा. ते तू होऊ दिलंस. हे मी विसरणार नाही, रोलंड, आणि हे माझ्या लक्षात राहिलं म्हणजे मी शहाणी आहे हे डॉक्टरलाही कळेल." मग तिनं हात सोडला. "आता जा वर. ती पोरगी खोळंबलीय. दांडा ती देणार नाही, पण आमच्या शेतावरून जाशील तेव्हा हात हलव. हाच हात. लोकांना दिसू दे."

ॲपलगार्थना नाही म्हणता आलं नाही. इमोजेननं त्यांना पुढच्या सीटवर चढवलं, पट्टे आवळले आणि स्वतः मागे बसली. मॉथ टकटकत उडाला, बीटच्या रानावरून वळला आणि खाली येत परत शेताकडे आला.

विनीनं मान वर केली होती. तिला त्यातलं काही दिसणार नव्हतं.

"हलवतोय का हात?"

"हलवतोय," रेस्ट्रिक म्हणाला. ते हलवत होते की हात नुसता थरथरत होता, हे खालून कळत नव्हतं.

"कुठल्या सीटवरून?"

"पुढच्या."

"बरोबर," विनी ग्रॅहमकडे तोंड करून म्हणाली. "मागे दुसरं कोणीतरी बसलंय."